नमुन्याची विल्हेवाट

४ मार्च

बाबा,

दोन वर्षं आणि एकवीस दिवसांनी लिहिते आहे. हे खुशालीचं पत्र नाही. तुमच्या आव्हानाचं उत्तर आहे, फक्त जरा उशिरा निघालेलं.

तुमच्या निरोप समारंभाहून घरी आल्यावर, बूटसुद्धा न काढता, दारातच तुम्ही म्हणाला होतात, "मिरी, तुझं हे व्हीगन का फीगन, त्यानं पोट भरत असेल. जेवण होत नाही. ज्या दिवशी तुझ्या हातचं, दूध-लोण्याशिवायचं काही मी स्वतःहून दुसऱ्यांदा मागून खाईन, त्या दिवशी मी हरलो. तोवर माझ्यासमोर आनंदाच्या गोष्टी करायच्या नाहीत."

मी म्हणाले, "लिहून ठेवा."

आणि बॅग उचलून निघाले. तुम्ही लिहून ठेवलं नसेल. मी ठेवलं आहे.

आता इकडचं ऐका. आमच्या बस डेपोतलं कॅन्टीन युनियननं ठेकेदाराकडून काढून घेतलं. सेक्रेटरी या नात्यानं मी सभेत ठराव मांडला, की दोन खिडक्या आहेत तशा राहू देत, तिसऱ्या खिडकीवर मांस, अंडं, दूध, लोणी यातलं काहीही न वापरलेलं जेवण मिळावं. वीस मिनिटं बोलले. माणसानं चूल पेटवली तिथपासून सुरुवात केली. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून हॉर्न उठला. हा लांब पल्ल्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर. हळू बोलणं त्याला जन्मात जमलेलं नाही, म्हणून हे नाव.

"सेक्रेटरीबाई, भाषण झकास झालं," तो म्हणाला. "पण भाषणाला फोडणी देता येत नाही. तुमच्या खिडकीवर शिजवणार कोण?"

"मी."

"तुम्ही बॅटरी विभागात. पाना-पक्कड घेऊन शिजवणार?"

सभा हसली. बाबा, तुमची मुलगी हसू ऐकून खाली बसणाऱ्यांतली नाही. मी तिथल्या तिथे शब्द दिला. तीन महिन्यांची बदली कॅन्टीनमध्ये. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिसऱ्या खिडकीवरून रोज साठ ताटं गेली, तर खिडकी कायम. एक जरी कमी पडलं, तर खिडकी बंद, मी परत बॅटऱ्यांकडे, आणि पुन्हा कधीही सभेत खाण्यापिण्यावर अवाक्षर काढणार नाही.

मी. अवाक्षर. तुम्हाला कळेल मी काय पणाला लावलं आहे.

म्हणून तुम्हाला हे बोलावणं. चौतीस वर्षं डेअरीत लोण्याचे तपासनीस होतात. ३१ मेच्या आत एकदा माझं जेवण तपासा. प्रेमानं खा असं म्हणत नाही. तपासा.

मिरी


१९ मार्च

बाबा,

उत्तर नाही. ठीक. आईनं फोनवर सांगितलं की पत्र तुम्ही वाचलंत, लाल पेन्सिल घेऊन. कुठे खुणा केल्यात ते तिनं सांगितलं नाही. "मला काय कळतंय तुमच्या बापलेकीचं," म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

खिडकीला प्रतिसाद उत्तम आहे.

स्वयंपाकघर मोठं आहे. उत्तरेला खिडक्या, मधोमध लोखंडी टेबल, भिंतीला सहा शेगड्या. पहिली खिडकी मांसाची, दुसरी अंड्या-चीजची, शेवटची माझी. भांडी घासायला आणि भाज्या निवडायला एक मावशी आहेत. चार वेगवेगळे ठेकेदार त्यांनी पाहिले, एकाच्याही हातचं त्या जेवल्या नाहीत, घरून डबा आणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "तोफ तूच ना? सभेतली? मला वाटलं अंगानं मोठी असशील."

मी तुमच्या पद्धतीनं काम करते. हे कबूल करायला मला लाज नाही, उलट अभिमान आहे. आठवतं? नऊ वर्षांची असताना मला तपासणीच्या खोलीत नेलंत, डोळ्यांवर तुमचा रुमाल बांधलात आणि पाण्याचे पाच कप पुढे ठेवलेत. एकात चिमूटभर मीठ, एकात साखर, एकात लिंबाचे चार थेंब, एकात कडू साल भिजवलेलं, एक नुसतंच. मी पाचही ओळखले. तुम्ही शाबासकी दिली नाहीत. म्हणालात, "आता निम्मं मीठ घालून पुन्हा." त्या "पुन्हा"वर मी महिनाभर तरंगत होते.

तर माझ्या टेबलाच्या टोकाला कोमट पाण्याचा पेला, सफरचंदाच्या फोडी आणि एक बादली. प्रत्येक पातेल्यातला एक चमचा. आधी वास. मग जिभेवर, टाळूला लावून, दहा आकडे मोजायचे. मग बादलीत. मग कोमट पाणी, सफरचंदाची फोड, पुढचं पातेलं. घेवडा करपट नाही. मसूर कच्चा नाही. टोमॅटोचा आंबटपणा जितका हवा तितकाच. तुमच्या कुठल्याही तक्त्यावर ठेवा, दोष सापडणार नाही.

दूध-लोण्याशिवाय जेवणातला आनंद कमी होतो म्हणे! आनंद काय लोण्याच्या वडीत बांधून येतो? तो जिभेत असतो, आणि जीभ तुम्ही मला दिलेली आहे. ती मी कुणाकडे गहाण ठेवलेली नाही.

मिरी


९ एप्रिल

बाबा,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. प्रतिसाद उत्तम नव्हता. तेव्हा दिवसाला एकोणीस ताटं जात होती, आणि त्यातली निम्मी युनियनच्या कमिटीवाल्यांची, माझ्या भीतीनं घेतलेली.

माणसं एकदा येत, मुकाट्यानं खात, ताट ठेवून जात. कुणी नावं ठेवत नव्हतं. परत मात्र येत नव्हतं. हॉर्नला मी अडवूनच विचारलं, "काय कमी होतं सांग."

"कमी काहीच नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही. जेवलो. गाडीवर चढलो, चौथ्या स्टॉपला विसरलो काय खाल्लं ते." आणि हा माणूस, ज्याचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे जातो, तो चक्क हळू आवाजात म्हणाला, "रागावू नका."

बाबा, त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला मी उत्तर देऊ शकते.

मी तिखट वाढवलं. दोन दिवस गर्दी, तिसऱ्या दिवशी परत एकोणीस. मग खिडकीवर मोठा फलक लावला: जनावरांच्या हालअपेष्टा, जमीन, पाणी, सगळी आकडेवारी, माझ्या सुवाच्य अक्षरात. सतरा.

परवा दुपारची पाळी संपल्यावर मावशी माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसल्या. ओले हात पदराला पुसले. मी घेवड्याच्या रश्श्याचा चमचा तोंडातून बादलीत टाकत होते.

"पोरी, एक विचारू?"

"विचारा."

"तू गिळत का नाहीस?"

मी त्यांना समजावायला लागले. जीभ ताजी राहते, पोट भरलं की चव बोथट होते, डेअरीत जगभर असंच करतात, माझे वडील चौतीस वर्षं...

"तुझ्या वडलांना लोण्यात खोट शोधायची होती," मावशी म्हणाल्या. "तुला काय शोधायचंय? सकाळपासून बघते, तू थुंकतेयस, आणि लोकांना म्हणतेस गिळा."

मावशींनी त्या बादलीकडे बोट दाखवलं. "ही उचलून ने आधी. मला रोज घासायला किळस येते ती वेगळीच."

मग त्यांनी एक ताट वाढलं, भात, रस्सा, पाव, आणि माझ्यासमोर ठेवलं. महिनाभरात मी माझं स्वतःचं जेवण पूर्ण ताटभर एकदाही जेवले नव्हते. घरी सकाळी पाव आणि जॅम, संध्याकाळी फळं, आणि दिवसभर चमचे. पहिले चार घास चांगले लागले. सहाव्या घासाला कंटाळा आला. दहाव्याला मी चमचा खाली ठेवला. एका चमच्यात जे निर्दोष होतं, ते ताटभर झाल्यावर मुकं होतं. दाताखाली काही येत नव्हतं. आधीच्या घासानं पुढच्याची ओढ लावावी, तसं काहीच नव्हतं. तुमच्या तक्त्यात वास आहे, चव आहे, पोत आहे, रंग आहे. "अजून हवंसं वाटतं का" असा रकाना नाही, बाबा. चौतीस वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

माझ्याही नाही. म्हणजे ही चूक मी तुमच्याकडून घेतली आणि तुमच्यापेक्षा मन लावून केली.

आणि आता लिहितेच आहे तर हेही लिहिते. फक्त तिसऱ्या खिडकीची गोष्ट नाही ही. लोणी सोडल्यावर पहिली दीड-दोन वर्षं मला जेवण लागलंच नाही. तुम्ही म्हणाला होतात तसंच. मी उकडलेले वाटाणे खात होते आणि भाषणं गिळत होते. मनातल्या मनात तुम्हाला, फोनवर आईला, सगळ्या जगाला सांगत होते की मी कधी नव्हे इतकी सुखानं जेवते. मागे हटायचं नाही एवढीच त्या जेवणाला चव होती. मी मागे हटले नाही, याचा मला आजही अभिमान आहे. पण ती चव जेवणाची नव्हती, हे मान्य.

बादली मावशींनी बाहेर नेली. तिच्यात आता पुदिना लावलाय.

मिरी


२ मे

बाबा,

चव्वेचाळीस. काल सेहेचाळीस. खोटं नाही, मावशींची साक्ष काढा.

आता मी रोज दुपारी दीड वाजता वाढून घेते आणि ड्रायव्हर-कंडक्टरांच्या टेबलावर बसून पूर्ण ताट जेवते. जिथे मला कंटाळा येतो, त्या घासाशी थांबून विचार करते. मसुरात आता अख्खे भाजलेले शेंगदाणे असतात, दाताखाली यायला. कांदा दोनदा घालते, एकदा अगदी सुरुवातीला, गळून जाईपर्यंत भाजलेला, आणि एकदा वरून, कच्चा, लिंबात चुरलेला. भोपळ्याला मोहरीची चुरचुर. पाव शेगडीवर असा भाजते की आवाज यावा. फलक मी काढून टाकला. हॉर्ननं विचारलं, "आकडेवारी कुठं गेली?" म्हटलं, "रश्श्यात घातली." म्हणाला, "तरीच आज मीठ बरोबर आहे."

आता जे लिहायचं म्हणून बसले आहे ते लिहिते.

तुमच्या खोलीचा रिवाज मला लहानपणापासून ठाऊक होता. तपासनीस आयुष्यभर थुंकतो. पोकळ सळई लोण्यात खुपसायची, अर्धा फेरा द्यायचा, ओढायची, हुंगायचं, चिमूटभर जिभेवर, आणि बादलीत. मग तक्ता भरायचा. वास, चव, पोत, रंग, मीठ, आणि सगळ्यात खाली "उरलेल्या नमुन्याची विल्हेवाट". त्या रकान्यात चौतीस वर्षं रोज चाळीस-चाळीस वेळा तुम्ही एकच शब्द लिहिलात: नष्ट. फक्त निवृत्तीच्या दिवशी तपासनीस आपला शेवटचा नमुना गिळतो. स्वतः निवडलेलं लोणी, पावावर लावून. आणि पहिला घास त्याच्या मुलाला किंवा मुलीला द्यायचा.

तुम्ही दोनशे माणसांसमोर तो घास माझ्यापुढे धरलात. माझ्या हातात माईक होता, कारण मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी अकरा मिनिटं बोलले.

घास घेतला नाही, याची मी माफी मागत नाही. कधीच मागणार नाही. मी एकोणीस वर्षांची असताना तुम्ही मला एका गोठ्यावर नेलं होतंत, उत्तम मलई कशी जमते ते दाखवायला. ताज्या गवताचा वास दुधात कसा उतरतो, ते तुम्ही इतकं सुंदर सांगत होतात! आणि पूर्ण वेळ एक गाय तारेच्या कुंपणाला छाती लावून हंबरत होती. तिचं वासरू पलीकडच्या खोलीत होतं. तुम्ही तिच्या आवाजावर आवाज चढवून बोलत राहिलात. तुम्हाला ती ऐकूच येत नव्हती, आणि मला त्यानंतर दुसरं काही ऐकू आलं नाही. तेव्हा मी तोंड उघडलं नाही. अकरा वर्षं उघडलं नाही. तुमच्याबद्दलच्या आदरानं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे भीतीनं.

पण ते तुमच्या कानात सांगता आलं असतं, बाबा. "मी हे खाणार नाही, पण तुमच्याशेजारी उभी राहते." एवढं एकच वाक्य. तुम्ही घास धरलेला हात हळूहळू खाली घेतलात आणि लोणी तुमच्या कोटाच्या बाहीला लागलं. ते मी माईकवरून बोलता बोलता पाहिलं, आणि तरी बोलत राहिले, कारण वाक्य चांगलं जमत होतं.

नकाराची नाही. त्या भाषणाची माफी मागते.

आणि एक हिशेब तुम्हीही द्या. जेवणातला आनंद मी घालवला म्हणता. तुम्हाला दुसऱ्यांदा काही वाढून घेताना मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. आई वाढायची, तुम्ही पहिला घास टाळूला लावून थांबायचात, आणि आम्ही दोघी श्वास रोखून. "आंबट अर्धा गुण जास्त." ती खाली मान घालून पुढचं वाढायची. तुमच्या ताटात सगळं असायचं, दूध, लोणी, अंडी, मासे. आनंद होता का? मी टोमणा मारत नाही. मी आता रोज ताटभर जेवते म्हणून विचारते आहे. आधी मला हे विचारायचा अधिकार नव्हता.

लोण्याची आठवण येते. गरम पावावरच्या. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बेकरी आहे, तिच्या दारात कधीकधी पावलं रेंगाळतात. ती चव मला पुन्हा मिळणार नाही आणि तिच्या जागी दुसरी कुठलीही बसत नाही. हे मी सभेत सांगणार नाही, पण तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला खोटा नमुना लगेच ओळखू येतो. माझं एक दार बंद झालं आहे. त्यासाठी मी रडत बसलेली नाही, कारण ते मी माझ्या हातानं बंद केलं, आणि का, ते मला ठाऊक आहे.

मिरी


२१ मे

बाबा,

तुम्ही येत नाही, तर जेवणच येतं आहे.

हॉर्नची गाडी उद्यापासून महिनाभर तुमच्या गावावरून जाते. पोचायला चार तास, तिथे पस्तीस मिनिटांचा थांबा, आणि परतीची वाट तुमच्याच स्टँडवरून. स्टीलचा मोठा फ्लास्क त्याच्याकडे दिला आहे. आत भाजलेल्या भोपळ्याचं आणि मसुराचं सूप आहे, शेंगदाण्याचं वाटण लावलेलं. लिंबातला कांदा वेगळ्या डबीत, तो खातानाच घाला. पाव आईनं शेगडीवर भाजावा.

हॉर्न म्हणाला, "तीस वर्षं माणसं पोचवतोय. सूप पहिल्यांदाच."

"सांडू नकोस."

"खड्डे काय मी खणतो का, बाई?"

पण मी पाहिलं. त्यानं फ्लास्क आपल्या सीटमागे ठेवला, भोवती स्वतःचं जाकीट गुंडाळलं आणि पट्ट्यानं बांधला. आणि हा माणूस अजूनही दुसऱ्या खिडकीवर अंडी खातो, बरं का. अंडी तिथून, सूप माझ्याकडून. मी त्याला एका शब्दानं बोलत नाही. मावशी म्हणतात हा चमत्कार आहे.

कालचा आकडा चोपन्न. शेवटचा आठवडा सोमवारपासून.

तपासा, बाबा. तुमच्या नियमानं तपासा. सूट नको.

मिरी


२३ मे

हॉर्ननं सगळं सांगितलं. तुम्ही दार उघडलंत, त्याला बसवलंत, पाणी दिलंत. फ्लास्क उघडून वास घेतलात. एक चमचा तोंडात घेतलात. डोळे मिटलेत. आणि उठून मोरीत थुंकलात.

"माझ्या डोळ्यांदेखत थुंकले, बाई," तो म्हणाला. "मला तर रागच आला. म्हटलं, काका, चार तास मांडीवर घेतल्यासारखं आणलंय. तर म्हणाले, 'तुमची गाडी सुटेल. फ्लास्क परतीला घेऊन जा.' परतीला गेलो तर म्हणाले, 'अजून तपासणी चालू आहे, पुढच्या फेरीला या.'"

नियमानं तपासा म्हणाले होते मीच. तुम्ही नियमानंच केलंत. माझी तक्रार नाही.

पण मी ते सूप थुंकण्यासाठी केलं नव्हतं. आणि सोमवारी सकाळी मी तेच सूप पुन्हा करणार आहे, दोन पातेली, तुमच्या मोरीला न विचारता.


१ जून

प्रति,
माजी मुख्य तपासनीस

विषय: नमुन्याच्या गुणांवर हरकत

महोदय,

परवा आमचे ड्रायव्हर हॉर्न यांच्या हस्ते स्टीलचा फ्लास्क, स्वच्छ धुतलेला, परत मिळाला. आत आपल्या हस्ताक्षरातला तपासणीचा तक्ता होता. कागद डेअरीचा जुना, शिक्का नसलेला. तो भर कॅन्टीनमध्ये, शेगडीजवळ उभं राहून वाचला. मावशींनी मोठ्यानं वाचायला लावला, तेव्हा हजर असलेले सगळे ड्रायव्हर साक्षीदार आहेत.

आपण दिलेले गुण असे. वास: उत्तम. चव: पंचेचाळीसपैकी अडतीस. पोत: चांगला, शेंगदाणा एकसारखा वाटलेला नाही. रंग: ठीक. मीठ: योग्य, पण शेवटी घाईनं घातलेलं. शेरा: "नमुना सदोष आहे, पण प्रामाणिक आहे."

आणि सगळ्यात खाली, उरलेल्या नमुन्याची विल्हेवाट. तिथे लाल पेन्सिलीनं: "खाल्ला. संध्याकाळी पुन्हा मागून घेतला."

हे शेवटचं मी वाचलं नाही. कागद माझ्या हातातून घेऊन हॉर्ननं वाचलं, त्याच्या आवाजात. त्यामुळे ते वर्कशॉपच्या पलीकडे धुलाईच्या शेडपर्यंत ऐकू गेलं, आणि तिथून कुणीतरी विचारलं, "काय खाल्लं? कुणी खाल्लं?" मावशी ओरडल्या, "हिच्या बापानं!"

आईनंही फोन केला होता. म्हणाली, संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात, हातात रिकामा वाडगा. तिला वाटलं काही दुखतंय खुपतंय. मग तुम्ही म्हणालात, "ते आहे का अजून?" चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. फोनवर ती बराच वेळ हसत होती.

आपण हरलात, असं मी म्हणणार नाही. तसं लिहून ठेवलेलं आहे, तेवढं पुरे.

आठवड्याचे आकडे नोंदीसाठी कळवते. सोमवार एकसष्ट, मंगळवार त्रेसष्ट, बुधवार साठ, गुरुवार अडुसष्ट, शुक्रवार पंचाहत्तर. बुधवारचं साठावं ताट मावशींनी घेतलं. मी म्हटलं, दयेचं ताट नको. त्या म्हणाल्या, "दया कसली? चार ठेकेदार झाले, इथलं काही मी तोंडात घातलं नाही. आज डबा आणलाच नाही." खिडकी कायम झाली. मी बॅटरी विभागात परत जाणार नाही. आणि सभेत खाण्यापिण्यावर मी बोलत राहणार, वीस-वीस मिनिटं, हे सर्व संबंधितांनी लक्षात घ्यावं. पण आता आधी वाढीन, मग बोलेन.

आता हरकत. चवीचे अडतीस गुण मला मान्य नाहीत. नमुना चार तासांच्या प्रवासानंतर, थंड होऊन, खड्ड्यांतून हेलकावे खात आपल्यापर्यंत पोचला. अशा नमुन्यावर अंतिम गुण देता येत नाहीत, हे आपणच मला नवव्या वर्षी शिकवलं आहे. डेअरीच्या नियमाप्रमाणे माल करणाऱ्यानं हरकत घेतली, तर पंधरा दिवसांच्या आत फेरतपासणी झाली पाहिजे, ती माल बनतो त्या जागी झाली पाहिजे, आणि ती त्याच तपासनिसानं केली पाहिजे. हा नियम आपण स्वतः लिहिला होता. मी तो पाठ केला होता, कारण घरात वाचायला दुसरं काही नव्हतं.

तरी आपण पंधरा तारखेच्या आत डेपोच्या कॅन्टीनमध्ये हजर राहावं. हॉर्नची गाडी सकाळी सव्वासातला आपल्या स्टँडवरून निघते, पुढची डावीकडची सीट राखलेली आहे. आईलाही आणावं, तिची साक्ष लागेल. जेवणाची वेळ दीड. ताट पूर्ण वाढलं जाईल. कोमट पाणी आणि सफरचंदाच्या फोडी मिळतील.

बादलीत पुदिना लावलेला आहे, त्यामुळे थुंकण्याची सोय नाही.

आपली,
मिरी
तिसरी खिडकी